दगडी घरांचा देश

मंडळी, आज मी तुम्हांला आफ्रिकेची गोष्ट सांगणार आहे. आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? सिंह, हत्ती, दाट जंगल आणि उघडीवाघडी माणसं. सिनेमानं आपल्याला तेवढंच दाखवलं. आफ्रिका हा काही एक देश नव्हे. ते एक अवाढव्य खंड आहे आणि त्यात ५४ देश आहेत. त्यांतल्या एकाच देशाविषयी मी आज बोलणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, त्या आफ्रिकेशी आमचं काय देणंघेणं?" घरी गेल्यावर ताटातली भाकरी बघा. ज्वारी पहिल्यांदा पेरली गेली ती आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या बाजूला. त्याला पाच हजार वर्षं झाली. बाजरीही मूळची तिकडची आणि कोकणातली नाचणीही तिकडचीच. तिथल्या शेतकऱ्यांनी ही रानगवतं निवडून निवडून त्यांची पिकं केली आणि मग ती दर्या ओलांडून आपल्याकडं आली. नंतर माणसंही आली. निजामशाहीचा कारभार चालवणारा, जमिनी मोजून सारा बांधून देणारा मलिक अंबर हा हबशी होता. तो इथियोपियातला. जंजिऱ्याचे सिद्दीही त्याच खंडातले. तेव्हा आफ्रिका आपल्याला अगदीच परकी नाही.

ज्या देशाची गोष्ट सांगायची त्याचं नाव झिंबाब्वे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, समुद्रापासून आत, झांबेझी आणि लिंपोपो या दोन मोठ्या नद्यांच्या मध्ये हा मुलूख आहे. आकारानं महाराष्ट्राहून थोडा मोठा, पण वस्ती दीड कोटीच्या आसपास. तिथले बहुतेक लोक शोना भाषा बोलतात. पश्चिमेकडे न्देबेले लोक आहेत. पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा करून तो कालवणाशी खातात. त्याला साड्झा म्हणतात. हल्ली तो मक्याच्या पिठाचा असतो, पूर्वी बाजरीचा किंवा नाचणीचा असे.

या देशाचं नाव कुणा राजाचं नाही, नदीचं नाही. ते भिंतींवरून पडलं आहे. शोना भाषेत झिंबाब्वे म्हणजे दगडांची घरं. मास्विंगो गावाजवळ एका टेकडीवर आणि तिच्या पायथ्याला दगडी वाड्यांचे प्रचंड अवशेष आहेत. एका वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे ८०० फूट आहे. उंची काही ठिकाणी ३५ फूट, म्हणजे सहा पुरुषांच्या उंचीएवढी. जाडी काही ठिकाणी १५ फुटांवर. आणि या सगळ्या कामात चुना नाही, मातीचा गारा नाही. आपण बांधावर गडगा रचतो ना, तशी नुसती दगडावर दगडाची रचाई. पण गडगा दोन पावसाळ्यांत ढासळतो. ही भिंत सहाशे-सातशे वर्षं उभी आहे.

हे त्यांनी केलं कसं? तिथं कठीण दगड आहे. दिवसा उन्हानं तापतो, रात्री निवतो, आणि त्याचे पापुद्रे सुटतात. लोक त्यावर जाळ करीत आणि वरून पाणी ओतीत, म्हणजे फळ्या निघाव्यात तसे दगड निघत. ते ठोकून सारख्या मापाचे करायचे आणि थर लावायचे. वरचा थर किंचित आत घ्यायचा, म्हणजे भार आत पडतो. आपल्यातल्या गवंड्यांना हे सांगायला नको. भिंतींच्या आत मातीची, गवतानं शाकारलेली घरं होती. इसवी सन ११०० च्या सुमारास काम सुरू झालं आणि साडेतीनशे वर्षं नवनवी बांधकामं होत गेली. पैसा आला तो गुरांतून आणि सोन्यातून. सोनं समुद्रकाठच्या बंदरांत जाई आणि तिथून अरबांच्या गलबतांतून पुढे. त्या बदल्यात आलेली चिनी भांडी आणि हिंदुस्थानाकडचे काचेचे मणी त्या अवशेषांत सापडले आहेत.

पुढे साधारण १४५० नंतर ते शहर ओस पडत गेलं. राजे दुसरीकडे गेले, भिंती राहिल्या. आसपासचे लोक तिथं पूर्वजांच्या नावानं पूजा करीत.

१८७१ साली कार्ल माउख नावाचा एक जर्मन प्रवासी तिथं पोचला. भिंती पाहून तो चकित झाला. इथल्या काळ्या माणसांनी हे बांधलं असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं दाराच्या चौकटीच्या लाकडाची एक ढलपी काढली. ती तांबूस होती, वासाला चांगली होती. त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि ढलपी तिच्याशी ताडून पाहिली. सारखी वाटली! पेन्सिल देवदाराची, म्हणजे हे लाकूड देवदाराचं. देवदार लेबनॉनचा, म्हणजे हे लाकूड समुद्रापलीकडून आलेलं. म्हणजे हा वाडा बायबलातल्या शेबाच्या राणीनं बांधवला असणार! हसू नका, त्यानं खरोखरच असं लिहून ठेवलं. ते लाकूड तिथल्याच रानातल्या झाडाचं होतं. आसपासच्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं झाड दाखवलं असतं.

ही चूक एका माणसाची असती तर विसरता आली असती. पण ती पुढे फार लोकांच्या सोयीची ठरली. ते का, हे समजण्यासाठी एका कागदाची हकिकत ऐका. तुम्ही आत्ता आत्ता अक्षर ओळखायला लागला आहात, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

न्देबेले लोकांचा राजा होता लोबेंगुला. मोठा हुशार राजा, पण त्याला वाचता येत नव्हतं. १८८८ साली सेसिल ऱ्होड्स या धनाढ्य इंग्रजाची माणसं त्याच्याकडे आली. आम्हांला जमिनीतलं सोनं काढायचा हक्क द्या, म्हणाली. बदल्यात १००० बंदुका, १ लाख काडतुसं, दरमहा १०० पौंड आणि नदीत फिरवायला एक आगबोट देऊ. राजानं विचारलं, माणसं किती आणणार? तोंडी सांगण्यात आलं की दहापेक्षा जास्त गोरे येणार नाहीत आणि ते तुमच्या कायद्यानं राहतील. एका पाद्र्यानं कागद समजावून सांगितला. राजानं फुली मारली. पण कागदात दहा माणसांचा शब्दच नव्हता! कागदात होतं ते हे, की राज्यातल्या सगळ्या धातूंचा आणि खनिजांचा पूर्ण ताबा त्यांना आणि त्या कामासाठी लागेल ते सारं करण्याची मुभा.

खरा मजकूर कळला तेव्हा राजानं विलायतेच्या राणीकडे माणसं पाठवली, हा कागद मला मान्य नाही असं लेखी कळवलं. उपयोग झाला नाही. १८८९ साली ऱ्होड्सच्या कंपनीला राणीची सनद मिळाली. १८९० साली कंपनीचे शेकडो हत्यारबंद लोक आत शिरले. आणि शिरले ते शोनांच्या मुलखात, म्हणजे ज्यांना कुणी विचारलंही नव्हतं त्यांच्या. १८९३ साली त्यांनी लोबेंगुलाचंही राज्य घेतलं. राजा परागंदा झाला आणि थोड्याच दिवसांत मेला. कंपनीनं देशाला ऱ्होड्सचं नाव दिलं, ऱ्होडेशिया. सातबाराच्या उताऱ्यावर रात्रीतून दुसऱ्याचं नाव चढावं, तसं हे झालं.

मग सुरू झाला कारभार. दर झोपडीमागे वर्षाला १० शिलिंग कर, आणि तो रोख. ज्याच्या घरात धान्य आहे, गुरं आहेत, पण नाणं नाही, त्यानं काय करावं? गोऱ्याच्या खाणीत किंवा मळ्यात मजुरीला जावं. कराचा हेतू तोच होता. पुरुषांनी ओळखीचा कागद जवळ बाळगलाच पाहिजे. त्याला लोक चिटुपा म्हणत. १८९६ साली शोना आणि न्देबेले दोघेही उठले. त्यांच्यात नेहांडा नावाची एक बाई होती. तिच्या अंगात पूर्वज येतात अशी लोकांची श्रद्धा होती आणि तिच्या शब्दाला मोठा मान होता. १८९८ साली तिला फाशी दिलं. पुढे १९३० साली कायदाच केला. त्यानं देशातली सुमारे निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांच्या वाट्याला गेली, आणि त्यात चांगली, पावसाची जमीन जास्त. मूळ रहिवासी वीसपटीनं जास्त, त्यांना राखीव टापूत कोंबलं.

आता शेबाच्या राणीकडे परत या. ज्याची जमीन घ्यायची त्याचे पूर्वज जर एवढं शहर बांधणारे निघाले, तर घेणाऱ्याची पंचाईत होते. म्हणून म्हणायचं, हे बांधणारे दुसरेच, गोरे, परदेशी. हे काळेही बाहेरून आलेले, आपणही बाहेरून आलेलो, मग त्यांचा हक्क जास्त कसा? असा तो हिशेब.

१८९५ साली तर एका कंपनीला जुन्या अवशेषांतलं सोनं खणून काढायचा परवाना मिळाला. जुने दागिने सापडले ते वितळवून टाकले. नंतर त्या भिंतींच्या देखभालीसाठी हॉल नावाचा गृहस्थ नेमला. त्यानं काळ्या लोकांच्या वस्तीचा कचरा म्हणून कित्येक फूट माती उकरून बाहेर टाकली. अहो, त्या मातीतच तर पुरावा होता! चुली, खापरं, राख, हाडं. खऱ्या मालकाच्या सह्याच त्यानं पुसून टाकल्या. मला या माणसाचा माउखपेक्षा जास्त राग येतो.

पण गोऱ्यांतही खरं बोलणारे होते, हेही सांगितलं पाहिजे. १९०५ साली रँडल-मॅकायव्हर या अभ्यासकानं खणून पाहिलं आणि सांगितलं, हे काम आफ्रिकी लोकांचंच. लोक चिडले. १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ही बाई आली. हॉलच्या उकिरड्यातून वाचलेली जागा तिनं शोधून काढली, थर न् थर तपासला आणि तेच सांगितलं. शास्त्रापुरता प्रश्न तिथंच मिटला.

सरकारापुरता मिटला नाही. १९६५ साली तिथल्या गोऱ्यांनी विलायतेलाही न जुमानता आपलंच स्वतंत्र राज्य जाहीर केलं. त्या काळात अवशेषांवरचे अधिकारी होते पीटर गार्लेक. हा वाडा इथल्याच लोकांनी बांधला, हे ते उघड सांगत. त्यांच्यावर दबाव आला आणि १९७० साली त्यांना देश सोडावा लागला. प्रवाशांसाठी छापलेल्या पुस्तकांतही खरं छापू देत नसत. विचार करा, जुन्या भिंतींना भिणारं सरकार!

भीती खोटी नव्हती. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोरांनी तेच नाव उचललं होतं. झिंबाब्वे म्हणजे आमच्या बापजाद्यांचं घर. नेहांडाचं नाव घेऊन ती लढली. पुष्कळ वर्षं लढाई चालली, हजारो मेले, आणि १८ एप्रिल १९८० रोजी ऱ्होडेशिया संपला. देशाचं नाव झिंबाब्वे झालं. राजधानीला सॅलिस्बरी म्हणत, तिला १९८२ साली हरारे नाव मिळालं.

नावं बदलली तरी मागचा गुंता सुटला नाही. आणि आपल्याच माणसांनी तो वाढवला, हेही मी झाकून ठेवणार नाही. रॉबर्ट मुगाबे १९८० पासून २०१७ पर्यंत सत्तेवर होते. १९८३ ते १९८७ या काळात त्यांच्या फौजेनं न्देबेले मुलखात हजारो माणसं मारली. जमिनीचा प्रश्न वीस वर्षं रेंगाळला. मग २००० सालापासून गोऱ्यांचे मळे घाईघाईनं, जबरीनं घेतले गेले. पुष्कळ भूमिहीनांना जमीन मिळाली हे खरं, पण साहेबांच्या मर्जीतल्यांनाही चांगले मळे मिळाले. त्या मळ्यांवर पिढ्यान् पिढ्या राबणारे मजूर होते, त्यांचे आजे मलावीतून, मोझांबिकातून आलेले. त्यांना म्हणाले, तुम्ही इथले नव्हेत. कित्येकांचं घर आणि काम दोन्ही गेलं. पीक बसलं, महागाई इतकी झाली की २००९ साली एकावर चौदा शून्यं असलेली नोट निघाली. कालपर्यंत जे वाक्य गोरे म्हणत होते, ते आता घरचेच शेजाऱ्याला म्हणू लागले. २०१३ च्या राज्यघटनेत मात्र १६ भाषांना मान्यता दिली आहे. तो मला चांगला शब्द वाटतो, कागदावर का असेना.

आणि त्या भिंतींजवळच्या खेड्यांतले लोक? त्यांचंही गाऱ्हाणं आहे. गोऱ्यांनी कुंपण घातलं होतं, नव्या सरकारनं ते काढलं नाही. जुना ठेवा जपायचा म्हणून. पूर्वजांची पूजा करायला गेलं तर परवानगी लागते. जपणूकही हवी आणि पूजाही हवी, यातून वाट काढणं सोपं नाही.

एक शेवटची हकिकत सांगतो आणि थांबतो. त्या वाड्यांत मऊ दगडाचे कोरलेले पक्षी होते, उंच खांबांवर बसवलेले. १८८९ साली एका शिकाऱ्यानं त्यांतला एक नेला. तो ऱ्होड्सनं विकत घेऊन आपल्या घरात ठेवला. बाकीच्यांतलेही बरेच गेले. दक्षिण आफ्रिकेच्या संग्रहालयातले पक्षी १९८१ साली परत आले, तेही फुकट नव्हे. झिंबाब्वेनं त्या बदल्यात मधमाश्या-गांधीलमाश्यांचा आपला संग्रह दिला. एका पक्ष्याचा वरचा भाग देशात होता आणि खालचा खांबाचा तुकडा जर्मनीत. कित्येक वर्षं तो असा दोन जागी होता. २००३ साली जर्मनांनी तो तुकडा परत केला. दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून पाहिले, तर ते बरोबर बसले. तसाच पक्षी आज त्या देशाच्या झेंड्यावर आहे.