पोर नापास की कारभार नापास?

[सोलापूरजवळच्या एका खेड्यात पालकांच्या सभेत गावच्या शाळामास्तरांनी केलेले भाषण]



मी व्याख्याता नव्हे. खडू हातात घेऊन वीस वर्षे काढलेला शाळामास्तर आहे. माझ्यापुढे कुणब्यांची घरे बसली आहेत, मागावरची मंडळी बसली आहेत, विड्या वळणाऱ्या आयाबाया बसल्या आहेत. तुमच्या पोरांना मुळाक्षरे मी गिरवायला लावली. तीच पोरे बारावी होऊन मोठ्या हौसेने सोलापुरास कॉलेजात जातात आणि दिवाळी सरली की पाहावे तो काहीजण परत गावच्या पारावर! विचारावे तर बाप म्हणतो, "मास्तर, डोकंच नाही पोराला." बाबांनो, हे खोटे आहे. डोके होते की नव्हते हे मला ठाऊक आहे, कारण त्याचे पाढे मी घेतले आहेत. पोराला नापास ठरविण्याआधी त्या कॉलेजचा कारभार तपासा.

माझीच हकीगत सांगतो. बारावीनंतर मी एका कॉलेजात नाव घातले. पहिला तास साडेसातला, आणि आमच्या गावची पहिली एस.टी. पोचायची साडेआठला. शिष्यवृत्तीची नोटीस फळ्यावर चार दिवस लागली. ते चारही दिवस मी उडदाच्या काढणीला रानात होतो. परत आलो तो मुदत संपलेली. कारकुनाची खिडकी अकरा ते एक उघडी, नेमका त्याच वेळी इंग्रजीचा तास. फी थकली, नाव कमी झाले. हजेरीपटावर माझ्या नावापुढे रोज गैरहजेरी मांडणारे गुरुजी वाईट नव्हते हो. पण हा पोरगा का येत नाही, असे एकानेही विचारले नाही. पुढे मी अध्यापक विद्यालयात गेलो म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. त्याच एस.टी.ने माझ्याबरोबर जाणारे दोघे मात्र पुन्हा कोणत्याच शाळेची पायरी चढले नाहीत.

आता दुसरा कारभार पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग काढले. अठरापगड जातींची, अस्पृश्य मानलेलीसुद्धा, पोरे तेथे एका पंक्तीस जेवत. धान्य सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. ही दागिन्यांची गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. पण त्यामागचा कारभार कोणी सांगत नाही. अण्णा स्वतः खेडोपाडी हिंडून पोरे गोळा करीत. सबब कोणते पोर कोणत्या घरचे, त्या घरी काय पिकते, हे चालकालाच ठाऊक. पोरे पाळीपाळीने भाकरी थापीत, रानात राबत. पुस्तकाचा प्रश्न मागून, आधी भाकरीचा. १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज निघाले, तेथेही गरिबाच्या पोरासाठी 'कमवा व शिका' हीच वाट ठेवली. त्यापूर्वी १९०१ साली कोल्हापुरास शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, ते याच जाणिवेने. आपल्या जिल्ह्यात बार्शीस मामासाहेब जगदाळ्यांनीही शाळा-कॉलेजांचा पसारा वाढविला, पण पाया बोर्डिंगाचाच. खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा नसेल तर वर्गातली जागा त्याच्या काय कामाची?

आज खिडकीऐवजी संगणक आला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. पुष्कळांना वाटते, पोराने अर्ज भरला की काम संपले. तसे नाही. तो अर्ज आधी कॉलेजात तपासला जातो, मग पुढे सरकतो. तेथे पडून राहिला तर पोराचा काय दोष? कोणी तरी बसून, "अमक्याचा दाखला राहिला आहे, त्याला फोन करा," असे म्हणायला हवे. हे काम कोणाकडे नेमून दिले आहे, हे कधी विचारले आहे आपण?

विचारायची जागा कायद्याने दिली आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ९७ आहे. त्याप्रमाणे कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि वर्षातून निदान चार वेळा तिने बसले पाहिजे. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, निवडलेले शिक्षक, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी, शिवाय बाहेरची चार स्थानिक माणसे, त्यांत एक तरी माजी विद्यार्थी. या चार खुर्च्यांवर कोण बसते, हे इथे कोणाला ठाऊक आहे? हात वर करा. पाहा, एकही नाही!

आमच्या प्राथमिक शाळेचे उलटे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक, आणि निम्म्या बाया. आमच्या समितीत ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक बाई आहे. ती म्हणाली, "मास्तर, आम्ही कोयता घेऊन निघालो की पोरं बिऱ्हाडासंगट जातात. त्यांना आजीपाशी ठेवतो, पण दुपारी कोण बघंल?" बाईने विचारले म्हणून आम्ही बसून सोय लावली. मला ते कधीच सुचले नव्हते, मी मास्तर असून. कॉलेजच्या समितीत मात्र पालकाची अशी खुर्चीच कायद्याने नेमलेली नाही. मग त्या चार बाहेरच्या जागांपैकी एक मागाची, एक रानाची का नसावी?

आपलाही दोष आहे, तो झाकत नाही. पोर कॉलेजात घातले की आपण त्या फाटकात पाऊल टाकीत नाही. साहेब काय म्हणतील याची भीती. मुलीचे तर पहिले वर्ष संपायच्या आत स्थळ बघायला निघतो. त्याला कॉलेज काय करील?

तर येत्या सोमवारी सातच्या एस.टी.ने मी सोलापुरास निघणार आहे, रजा टाकली आहे. प्राचार्यांना दोनच गोष्टी विचारायच्या. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला जितकी पोरे होती त्यांतली दुसऱ्या वर्षाला किती आली. आणि जी आली नाहीत त्यांच्या घरी कोण जाऊन आले. ज्यांची पोरे तेथे आहेत त्यांनी बरोबर यावे. भाकरी बांधून आणा, परतायला संध्याकाळ होईल.