वडप्याच्या मांडवात आपले स्वागत



रुई, रुईच्या कुळातल्या वेली-झुडपे आणि त्यांच्यावर जगणारे कीटक या विषयावरची परिषद आमच्या वडप्यात भरते आहे. स्वागताध्यक्ष म्हणून, आणि त्याहून अधिक या मातीतला एक भातशेतकरी म्हणून, मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. भातकापणी नुकतीच उरकली आहे, खळ्यावर पेंढा रचला जातो आहे आणि पाहुण्यांना बसवून जेवू घालायला गावाला सवड आहे. आपण अगदी योग्य वेळी आलात.

वडपे म्हटले की बहुतेकांना रस्ताच आठवतो, आणि त्यात वावगे काही नाही. जुना मुंबई-आग्रा रस्ता आमच्या वेशीवरून जातो. नाशिकच्या रस्त्याचे चौपदरीकरण झाले तेव्हा कागदोपत्री त्याचे नाव ‘वडपे ते गोंदे’ असे होते. ठाण्याकडच्या सुमारे २४ किलोमीटर रस्त्याच्या आठपदरीकरणाचे नाव ‘माजिवडा ते वडपे’. म्हणजे एक मोठे काम आमच्या गावापासून सुरू होते आणि दुसरे आमच्या गावाशी येऊन थांबते. शेजारच्या आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी, जागतिक पर्यावरण दिनालाच, वाहतुकीसाठी खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमच्या गावाचे नाव देशाच्या नकाशावर अशा ठळक अक्षरांत आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

पण वडपे म्हणजे नुसता रस्ता नव्हे. ज्या भिवंडी तालुक्यात आपण बसला आहात, त्याचा इतिहास सांगायला एक सत्र कमी पडेल. खाडीवरचे भिवंडी हे जुने बंदर. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आणली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीच्या परिसरात झाली. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी ज्या देवीला नवस बोलला, ती वज्रेश्वरी आमच्याच तालुक्यातली. तिच्या जवळच्या अकलोली आणि गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत आजही माणसे सांधे शेकायला येतात. १८५७ नंतर उत्तरेतून विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले, कोकणी मुसलमान तर आधीपासून इथलेच. या साऱ्यांच्या हातमागांवर आणि पुढे यंत्रमागांवर भिवंडी उभी राहिली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून इथे गोदामे आली आणि आज देशातल्या मोठ्या गोदाम वसाहतींत आमची गणना होते. मुंबईची तहान भागवणाऱ्या जलवाहिन्याही याच तालुक्यातून जातात.

आणि लोणाड! वेळापत्रकात लोणाडला अर्धा दिवस ठेवावा, असा हट्ट मी संयोजकांकडे धरला होता. त्यांनी दोन तास दिले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. लोणाडला डोंगराच्या कुशीत बौद्ध लेणे आहे, खाली शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. जवळच्या चौधरपाड्याला उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख सापडला. ब्रह्मपुरी नावाच्या गावाच्या दानाची त्यात नोंद आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांचा जो थोर संग्रह संपादित केला, त्यात आमच्या या भागातले दगड सन्मानाने बसले आहेत. दानलेखांचे गधेगळ आपण पुस्तकात पाहिले असतील. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली ती कडक शिवी, तीही चित्रात. पण शेताच्या बांधावर उभे राहून असा दगड पाहणे निराळे. जमिनीचे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकावे, ही आठशे वर्षांपूर्वीची इच्छा आमच्या आजच्या सात-बाराच्या लोकांना नीट कळते. लोणाडच्या वाटेवर डाव्या हाताला रुई भरपूर आहे, तेव्हा त्या दोन तासांत आपल्या अभ्यासाचाही खंड पडणार नाही.

आता ज्यांचे नाव आजच्या दिवशी घेतलेच पाहिजे, त्यांच्याविषयी. सारे गाव त्यांना नुसते ‘गुरुजी’ म्हणत असे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले ते शिक्षक. त्यांचा फोटो कुठल्या कार्यालयात नाही, त्यांच्या नावाची कमान नाही, आणि नव्या पिढीतल्या कितीजणांना ते आठवत असतील याची मला शंका आहे. पण वडप्यात कीटकशास्त्राचा पहिला वर्ग त्यांनी घेतला, असे मी या सभेत ठामपणे सांगतो. शाळेच्या कुंपणावर रुई होती. दर पावसाळ्यानंतर गुरुजी चपलांच्या रिकाम्या खोक्यात रुईची फांदी आणि त्यावरची अळी ठेवत, आणि आम्हा पोरांवर रोज ताजे पान आणायची पाळी लावत. पान तोडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही, हा त्यांचा दंडक होता, कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका. ती अळी पांढरी, तिच्यावर काळे पट्टे आणि पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. मोठी झालेली अळी पान खायच्या आधी त्याची मधली शीर कुरतडते. चीक तिथून वाहून जातो, आणि मग ती त्या पुढचा भाग निवांत खाते. हे गुरुजींनी आम्हाला तासभर गप्प बसवून दाखवले होते. कोषातून नारिंगी फुलपाखरू बाहेर आले की खोके अंगणात नेऊन झाकण काढायचे. त्या फुलपाखराला आता बिबळ्या कडवा म्हणतात, हे मला या परिषदेच्या तयारीत कळले. लिनियसने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एका थडग्याच्या चित्रातही ते आहे, हेही तेव्हाच कळले. गुरुजींना हे सांगायला मिळाले असते तर त्यांना काय वाटले असते!

शास्त्रातले मी आपल्याला काय सांगणार? पण तयारीच्या बैठकांतून जे कानावर पडले, त्याने मी भारावून गेलो आहे. आम्ही रुई शनिवारी मारुतीला वाहतो, रथसप्तमीला तिची पाने अंगावर ठेवून आंघोळ करतो, गुडघा सुजला की तेल लावून गरम पान बांधतो, पायात काटा मोडला की चीक लावतो. एवढे करून तिच्या फुलात काय चालते, हे आम्ही कधी वाकून पाहिले नव्हते. रुईचे पराग धुळीसारखे सुटे नसतात, ते मेणचट पिशव्यांत जोडीजोडीने बांधलेले असतात. लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा मधासाठी येतो, त्याचा पाय फुलाच्या फटीत अडकतो, आणि ओढून काढताना ती जोडी पायाला चिकटून बाहेर येते. पुढच्या फुलावर ती नेमक्या जागी बसली तर शेंग धरते. म्हणजे वाळलेले लाकूड नाही तर भुंग्याला घर नाही, आणि भुंगा नाही तर रुईला बी नाही. शेंग धरली तरी एक फळमाशी तिच्यात अंडी घालून बी खायला टपलेली असते. रुईवरचा निळा-पिवळा नाकतोडा, कोवळ्या शेंड्यावरचा पिवळा मावा, लाल-काळे ढेकूण, सगळे तिच्याच विषावर पोसलेले आणि म्हणून अंगावर असे भडक रंग मिरवणारे. भिवंडीच्या विणकरांना मला एक सांगायचे आहे: बियांबरोबर उडणाऱ्या त्या रेशमी म्हाताऱ्या आपण उशीत भरतो, पण त्या इतक्या गुळगुळीत असतात की एकट्याने त्यांचे सूत धरत नाही. यंत्रमागाच्या गावात हा प्रश्न आजवर कोणी सोडवला नाही, तो आता कोणी हाती घ्यावा.

रुईच्या कुळातली सर्वांत नामवंत वनस्पती मात्र महाराजांच्या जन्मस्थळी आहे. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी उगवते. डाल्झेल या वनाधिकाऱ्याने १८६५ मध्ये तिचे वर्णन केले आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला दिले. जगात महाराष्ट्राच्या मोजक्या कड्यांवरच ती आढळते आणि ती धोक्यात आहे, हे आपण जाणताच. तिचे आणि त्याच कुळातल्या कंदीलपुष्पांचे जतन करणाऱ्यांनी मोठे काम केले आहे आणि या सभेत त्यांना मानाची जागा आहे. पण माझे मागणे त्याहून साधे आहे. दुर्मीळ वनस्पतीसाठी राज्य जागे होते, साध्या रुईसाठी कोण होणार? तिची गणना तण म्हणून होते. रस्ता रुंद होताना पहिली ती उपटली जाते, गोदामाचे आवार साफ करताना पहिली फवारणी तिच्यावर होते. अमेरिकेत मक्या-सोयाबीनच्या शेतांत तणनाशके आली, रुईच्याच कुळातली मिल्कवीड संपत गेली, आणि बिबळ्या कडव्याच्या कुळातल्या मोनार्क फुलपाखरांवर संकट आले, हे आपण सर्व जाणता. ती फुलपाखरे हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढतात. आमच्या बिबळ्या कडव्याला तर शाळेच्या कुंपणापासून बांधापर्यंतच जायचे आहे. ती वाटही आपण बंद करायची का?

म्हणून स्वागत समितीने या परिषदेच्या निमित्ताने एक काम हाती घेतले आहे. गावच्या शाळेच्या कुंपणाची रुई, तिच्याजवळची हरणदोडी, उतरण आणि अनंतमूळ या वेली आम्ही ठेवणार आहोत, आणि त्या पट्ट्यावर फवारणी होणार नाही. बिबळ्या कडव्याच्या नरांना लागणाऱ्या द्रव्यासाठी खुळखुळ्याचे बी पेरायचे ठरले आहे. बागेत शोभेसाठी परदेशी काकतुंडी लावण्यापेक्षा इथली रुई राखावी, हे आम्हाला पटले आहे. शनिवारच्या माळांसाठी पाने खुडणाऱ्या आमच्या पाड्यांवरच्या बहिणींशी बोलणे झाले आहे. पानाच्या खालच्या बाजूला फुलपाखराचे एकेक फिकट अंडे असते, तेवढे पान सोडून बाकीची तोडायला त्या आनंदाने तयार झाल्या. गोदाम मालकांना मी या व्यासपीठावरून हात जोडून विनंती करतो, आवाराच्या एका कोपऱ्यात रुई राहू द्या. तिला पाणी लागत नाही, खत लागत नाही, जनावरही तोंड लावत नाही.

आता व्यवस्थेविषयी. आपल्या मानाने आमची सोय अपुरी आहे, याची आम्हाला सतत रुखरुख आहे. नाक्यावरच्या कोंडीत आपल्यापैकी पुष्कळजण अडकलात, काहींचे जेवण हुकले. रस्त्याचे काम चालू असल्याने धूळ फार आहे आणि अवजड गाड्यांचे भोंगे भाषणात व्यत्यय आणतील. मुक्काम शाळेच्या वर्गांत आणि भिवंडीच्या लॉजांत विभागावा लागला. त्यामुळे ज्येष्ठ पाहुण्यांना ये-जा करावी लागते आहे, त्यांची मी विशेष क्षमा मागतो. वीज गेल्यास जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, तेवढा धीर धरावा. रात्री डास असतील, प्रत्येक खोलीत मच्छरदाणी ठेवली आहे, कमी पडल्यास स्वयंसेवकांना सांगावे. स्वच्छतागृहे वाढवली आहेत, पण सकाळी रांग लागेल. जेवण आमच्या घरच्या पद्धतीचे आहे: तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि भात वाड्याच्या कोलमचा. कोणाला पथ्य असेल तर आजच सांगावे, उद्या स्वतंत्र चूल ठेवू.

देणगीदारांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत? त्या सर्वांची नावे प्रवेशद्वारावरच्या फलकावर लिहिली आहेत. आत येताना वाचली नसतील त्यांनी जाताना अवश्य वाचावीत. सभेसाठी आपले गोदाम माल हलवून मोकळे करून देणारे मालक, मांडवाचा कपडा देणारे यंत्रमागधारक, तांदळाची पोती आणून टाकणारे शेतकरी, पाण्याचे टँकर पाठवणारे, छपाईचा खर्च स्वीकारणारे, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या महिला बचत गटाच्या भगिनी, दरवाज्यावर उभे असलेले गणेशोत्सव मंडळाचे तरुण, वाहतूक सांभाळणारे पोलीस बांधव, वर्ग रिकामे करून देणाऱ्या शिक्षिका आणि सुट्टी असूनही पाहुण्यांना वाट दाखवायला आलेली शाळेची मुले, या साऱ्यांच्या आधाराने हा मांडव उभा आहे. ज्यांनी नाव लिहू नका म्हणून सांगितले, त्यांचेही आभार. गावात सगळ्यांना ती नावे ठाऊक आहेत.

उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी चहा मिळेल आणि सातला दोन गाड्या लोणाडकडे निघतील. लांब बाह्यांचे कपडे घालावेत, चीक लागला तर धुवायला पाण्याच्या कळश्या गाडीत ठेवल्या आहेत. मी अध्यक्ष महोदयांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.