माप कुणाच्या हातात? क्रोशाच्या लेससाठी घरची साधनं
(लेस विणणाऱ्या बायकांच्या शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

विणायचं कसं हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुम्हाला माझ्याहून चांगलं येतं. आज बोलायचं आहे ते विणून झाल्यानंतरच्या कामाविषयी, कारण मालाचा भाव ठरतो तो तिथे.

सुईवरून उतरलेला रुमाल सहसा सपाट बसत नाही. कडा वळतात, पाकळ्या एकमेकींवर चढतात, गोल म्हणून विणलेलं अंड्यासारखं दिसतं. याचं कारण अडाणीपणा नव्हे. दुपारी निवांत विणलेली ओळ सैल पडते, कुकरच्या शिट्ट्या मोजत विणलेली घट्ट होते. मग तो रुमाल ओला करायचा, हलकी खळ द्यायची, मापात ताणून टाचण्यांनी बसवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळलेला दोरा ते रूप धरून ठेवतो. व्यापारी याला ब्लॉकिंग म्हणतात. सुती लेस धुतली की हे पुन्हा करावं लागतं.

हे काम बहुतेक वेळा आपल्या घरात होत नाही. आपण चुरगळलेला माल देतो. घेणारा म्हणतो, "नग लहानमोठे आहेत," आणि पैसे कापतो. त्याच्याकडे पट्टी असते, आपल्याकडे नसते. म्हणून आज ही साधनं आपण इथेच बनवणार आहोत. बाजारातून विकत आणायच्या त्या फक्त टाचण्या.

पहिला, पाट. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. सारख्या मापाचे तीन तुकडे कापून एकमेकांवर चिकटवा. पुठ्ठ्यातल्या नळ्या एका थरात उभ्या, दुसऱ्यात आडव्या ठेवा, म्हणजे पाट वाकत नाही. त्यावर जुन्या पांढऱ्या चादरीची घडी, त्यावर मापाचा कागद आणि सर्वांत वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा. रंगीत कापड नको, ओल्या लेसला रंग लागतो. कागदावर बॉलपेनही नको, पेन्सिलच वापरा.

दुसरं साधन, मापाचा कागद. कागदाच्या मध्यावर टाचणी रोवा. तिला दोरा बांधून दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधा आणि गोल काढा. दोरा एकेक सेंटिमीटरने वाढवत आणखी गोल काढा. आता सहा पाकळ्यांच्या फुलासाठी गोलाचे सारखे सहा भाग हवेत. मध्यापासून कडेपर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढ्याच अंतरावर कडेवर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतात आणि शेवटची पहिलीला येऊन मिळते. बाराव्या भागासाठी प्रत्येक दोन खुणांच्या मधोमध एक खूण करा. आठ पाकळ्या असतील तर कागदाचा गोल कापून तीनदा निम्मा दुमडा. शाळेत भूमितीला घाबरलेल्या बायकासुद्धा हे पाच मिनिटांत करतात.

तिसरं, सरळ कडेसाठी खराट्याचे हीर. लांब लेसच्या कडेला ठिकठिकाणी टाचण्या लावल्या की प्रत्येक टाचणीपाशी टोक निघतं. त्याऐवजी हीर कडेच्या फासांतून ओवून घ्या आणि हिरालाच चार-पाच टाचण्यांचा टेकू द्या. कड सुतासारखी सरळ येते. हीर आधी खरवडून, धुऊन, वाळवून घ्या, आणि ओल्या पांढऱ्या चिंधीवर ठेवून रंग सुटत नाही ना ते बघा. हीर गंजत नाही हा त्याचा मोठा गुण.

चौथा, खुंट्यांचा पाट. चादर किंवा टेबलक्लॉथ चौकोन जोडून करतात, तिथे सगळे चौकोन सारखे हवेत. जुन्या लाकडी फळीवर चौकोन आखा. चार कोपऱ्यांना भोकं पाडून त्यांत बांबूच्या गुळगुळीत, उंच काड्या घट्ट बसवा. ओले चौकोन एकावर एक या काड्यांत अडकवा. एका वेळी आठ-दहा वाळतात आणि सगळे एकाच मापाचे निघतात. खिळे मात्र वापरू नका.

टाचण्यांवरून आठवण करते. लोखंडी टाचणी ओल्या सुतात गंजते आणि तो डाग जाता जात नाही. एका डागाने महिन्याचं काम फुकट जातं. विकत घेतलेल्या टाचण्यांपैकी एक ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर टोचून ठेवा. सकाळी डाग दिसला नाही तरच त्या लेसला लावा.

खळ घरचीच. एक कप पाण्यात एक चमचा आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यात कालवा, मग ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा. भाताची पेज गाळून घेतली तरी चालते. खळ पातळच असू द्या, आणि जो माल बरेच दिवस ठेवायचा आहे त्याला देऊच नका. खळीला कसर आणि झुरळं लागतात. टाचण्या लावताना आधी मध्य, मग समोरासमोरच्या जोड्या: वर-खाली, डावी-उजवी. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरत गेलात तर रुमाल ओढला जातो.

आता साधनांपलीकडचं थोडं.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मठातल्या जोगिणींनी आणि काही सुखवस्तू बायकांनी गरीब बायकांना क्रोशे शिकवलं. फुलं एकीने विणायची, पानं दुसरीने, जोडायची तिसरीने. त्यातून घरं जगली, पण कामाचे तुकडे झाले आणि अख्खा नग विणणारीच्या नजरेआड गेला. आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात हीच कला नेली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं: लेस परदेशात जात होती, व्यापार पुरुषांच्या हातात होता, आणि रोज तासन्‌तास विणणाऱ्या बाईला म्हटलं जात होतं 'गृहिणी', तिच्या श्रमाला 'फावल्या वेळातलं काम'. काम फावल्या वेळातलं ठरवलं की मजुरीही फावल्या वेळातलीच देता येते. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकनाने गावाच्या नावाचं रक्षण होतं, विणणारीची मजुरी त्याने ठरत नाही.

म्हणून एक धोका आजच सांगून ठेवते. आपण पाट केले, खळ केली, माल देखणा करून दिला, आणि घेणाऱ्याने तो जुन्याच भावात उचलला, तर काय झालं? त्याचा कारागीर वाचला आणि आपल्या अंगावर आणखी एक फुकटचं काम पडलं. स्वयंपाक, पाणी, मुलं यांच्या जोडीला आता ब्लॉकिंग! यासाठी ही साधनं नाहीत.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने 'कामगार' कोण ते सांगताना, घरी नेऊन काम करणाऱ्यांचाही समावेश केला होता. त्यात वस्तू बनवणं तर होतंच, शिवाय ती धुणं, सजवणं, तिचं फिनिशिंग करणं हेही होतं. म्हणजे हे काम आहे, ही हौस नव्हे, हे कायद्याने तेव्हाच मानलं होतं. घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून उत्पादन करणाऱ्यांसाठी, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. इतर मजुरांसारखीच वागणूक त्यांना मिळावी, हे त्याचं सूत्र आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपली आहेच.

पण कराराची वाट न पाहता तीन गोष्टी आपल्या गटात करता येतील. एक, प्रत्येक नमुन्याचा मापाचा कागद गटाचा एकच असावा, आणि माल घेणाऱ्याची सही त्यावर काम सुरू होण्याआधी घ्यावी. मग माप चुकलं की नाही हे कागद सांगेल, त्याची मर्जी नाही. दोन, वहीत तीन रकाने करा: विणणं, जोडणं, ब्लॉकिंग. प्रत्येकाला लागलेला वेळ लिहा आणि भाव तीन तुकड्यांत मागा. तिसऱ्याचे पैसे मिळणार नसतील तर माल न ताणता द्या. तीन, हे एकीने करून चालणार नाही. एकीने नकार दिला तर काम शेजारच्या दारात जातं. सगळ्या दारांनी एकच भाव सांगितला तरच तो टिकतो.

पुठ्ठे मागच्या भिंतीशी ठेवले आहेत, कात्र्या चार आहेत. दोघी-दोघी बसा. पाट तयार होईपर्यंत एकीने कापावं, दुसरीने वहीत रकाने आखावेत. दोन्ही कामं आजच पुरी करू या.