चंपाची सायकल आणि काश्मीरचे डोंगर

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात नीलिमा शेख यांच्या चित्रांच्या छापील प्रती दाखवून केलेल्या भाषणाचा मजकूर.)



काल रात्री जेवताना दोघीतिघींनी विचारलं, की शिबिरात पोटगीवर बोलायचं, कायद्यावर बोलायचं, तर हे चित्रांचं मधेच काय काढलंत? आणि त्यातही निसर्गचित्रं! प्रश्न रास्त आहे. मी काही चित्रकलेची अभ्यासक नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली बारा वर्षं सल्ला केंद्रात काम करते आहे. पण चित्रं आपण वापरतोच की. हुंड्याविरुद्धची आपली पोस्टर प्रदर्शनं आठवा. लाल-पिवळ्या ज्वाळा, मोकळे सुटलेले केस, वासलेलं तोंड. ती पोस्टर्स त्या काळी फार गरजेची होती, कारण स्टोव्हचा भडका म्हणून फाइल बंद होत होती. पण त्या चित्रात बाई जळतानाच दिसायची. त्याआधी ती कोण होती, कुठं खेळत होती, हे त्यात कुठंच नसायचं.

नीलिमा शेख यांनी १९८४ साली नेमकं तेच काढलं. त्या १९४५ साली दिल्लीत जन्मल्या. आधी इतिहास शिकल्या आणि मग बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली चित्रकला. बडोद्यात त्यांच्या ओळखीची एक मुलगी होती. तिचं लग्न झालं आणि सासरी हुंड्यापायी ती जळाली. तिच्यावर त्यांनी बारा चित्रांची मालिका केली, ‘व्हेन चंपा ग्र्यू अप’, म्हणजे ‘चंपा मोठी झाली तेव्हा’. मोठे कॅनव्हास नाहीत, हातात धरून बघावेत असे कागद. रंगही लघुचित्रांसारखे, डिंकात कालवलेले, पातळ थरांवर थर दिलेले. सोबत गुजराती लोकगीतं. आपल्या भोंडल्यात, भुलाबाईत सासरचा जाच हसत खेळत गायला जातो ना, त्याच जातीचा हा मामला. पोरी ज्या चालीवर फेर धरतात त्याच चालीत पुढं काय वाढून ठेवलंय ते सांगितलेलं असतं.

सुरुवातीच्या चित्रांत चंपा झोके घेते, सायकल चालवते. भोवती मोकळी जागा आहे, हवा आहे. मग लग्न होतं. मग घर येतं, भिंती येतात, चूल येते. शेवटी आग, आणि शोक करणाऱ्या बायका. आमच्या केंद्रात मी या प्रती एकदा कोणतीही गोष्ट न सांगता सतरंजीवर मांडल्या होत्या. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईनं सगळ्या बघितल्या, पुन्हा पहिल्यापासून बघितल्या आणि म्हणाली, “ताई, हिची सायकल कुठं गेली?” जाळल्याबद्दल तिनं काही विचारलं नाही. ते तिला ठाऊकच होतं.

त्या प्रश्नानं मला ही मालिका उलगडली. जळण्याच्या कितीतरी आधी त्या मुलीची जागा कमी कमी होत गेली होती. आपण प्रकरणं हाताळतो तेव्हा घटनास्थळाचा पंचनामा वाचतो. स्वयंपाकघर इतके फूट बाय इतके फूट, कडी आतून की बाहेरून, रॉकेलचा डबा कुठल्या कोपऱ्यात. तेही एका जागेचं वर्णनच असतं. १९८३ साली ४९८-अ आलं, १९८६ साली ३०४-ब, आणि जुलै २०२४ पासून न्याय संहितेत त्यांचे आकडे ८५ आणि ८० झाले. पण पंचनाम्याची खोली तेवढीच राहिली. अंगण, झोका, शाळेचा रस्ता, सायकल यांचा पंचनामा कोण करतं? तो या बारा कागदांवर झालेला आहे, असं मला वाटतं.

आता निसर्गचित्राकडे येते. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती कॅलेंडरच्या निसर्गचित्रांची. चित्रकार टेकडीवर उभा, समोर भाताची खाचरं, लांब डोंगर, आणि खाचरात वाकलेल्या लालहिरव्या लुगड्यांतल्या बायका. फार छान दिसतात त्या. त्यांची कंबर कशी धरलेली असते ते टेकडीवरून दिसत नाही, एवढंच. एका जागी निवांत उभं राहून सगळा मुलूख एका नजरेत घेणं, ही सवड ज्याला आहे त्याचं ते चित्र असतं.

नीलिमाताईंची चित्रं अशा एका जागेवरून बघितलेली नसतात. डोंगर वरून दिसतो, अंगण समोरून, घराच्या आतलंही दिसतं, आणि काय घडलं ते एकाखाली एक उलगडत जातं. लघुचित्रांत आणि नाथद्वाऱ्याच्या पिछवायांत ही रीत जुनी आहे. त्या पिछवाई करणाऱ्यांचा त्यांनी मुद्दाम अभ्यास केला. मथुरेच्या सांझी कलेतले कागद कातरून केलेले साचेही त्यांनी आपल्या चित्रांत आणले. आपण हलक्या हातानं ‘कारागिरी’ म्हणून बाजूला ठेवतो ते सगळं त्यांनी सन्मानानं आत घेतलं. १९८७ पासून अर्पिता सिंग, नलिनी मालानी आणि माधवी पारेख यांच्याबरोबर त्यांनी एकत्र प्रदर्शनंही केली. चौघी बायकांनी मिळून आपलं काम लोकांपुढं न्यायचं, हे त्या काळात सोपं नव्हतं.

आणि मग काश्मीर. लहानपणी सुट्टीत बघितलेलं, आवडीचं. २००३ ते २०१० या काळात त्यांनी काश्मीरवर माणसापेक्षा उंच अशी लांबच लांब लोंबती चित्रं केली. ‘ईच नाइट पुट कश्मीर इन युअर ड्रीम्स’ हे त्या मालिकेचं नाव, आगा शाहिद अली या काश्मिरी कवीच्या कवितेतून घेतलेलं. २०१४ साली ती शिकागोच्या मोठ्या संग्रहालयातही लागली. ही चित्रं भिंतीला टेकलेली नसतात, छतापासून टांगलेली असतात. माणसाला मागं जावं लागतं. मागच्या बाजूला मजकूर आहे. कल्हणापासून लल्लेश्वरीपर्यंत काश्मीरबद्दल जे लिहिलं, बोललं गेलं त्यातले तुकडे. पुढून सुंदर दरी, आणि मागं त्या दरीनं काय काय सोसलं ते शब्दांत.

काश्मीरचं निसर्गचित्र म्हटलं की आपल्याला शिकारा आणि सिनेमातलं गाणं आठवतं. तिथल्या बायकांना काय आठवत असेल? १९९० नंतर घरं सोडून निघालेल्या पंडित कुटुंबांतल्या बायका आहेत. नवरा बेपत्ता झाला, मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही, म्हणून ज्यांना ‘अर्धविधवा’ म्हणतात त्या बायका आहेत. एकीचं दुःख सांगितलं की दुसरीचं खोटं ठरतं, अशी वाटणी आपल्याकडे फार चालते, आपल्या बैठकांतसुद्धा. या चित्रांसमोर मला ती वाटणी करता येत नाही. इथं दरी एकच आहे आणि तिच्यात कित्येक शतकांची माणसं ये-जा करताना दिसतात.

पण मला काही गोष्टी खटकतात, आणि त्या बोलायलाच हव्यात. एक, ही चित्रं इतकी देखणी आहेत की क्षणभर वेदना विसरायला होतं. निळा रंग बघत राहावासा वाटतो आणि मग एकदम लक्षात येतं की आपण एका शोकाकडे बघतो आहोत. हे योग्य आहे का, याबद्दल माझं मन अजून एका बाजूला झुकलेलं नाही. दुसरं, चंपाच्या मालिकेच्या शेवटी बायका शोक करतात, पण मोर्चा नाही. १९८४ साल म्हणजे आपल्या संघटना रस्त्यावर होत्या ते दिवस. माझ्या एका ज्येष्ठ मैत्रिणीला याचा राग येतो. मला तितका येत नाही. पोलीस ठाण्यावर जाण्याआधी आपणही त्या घरी जाऊन बसतोच, आणि ते बसणं काही कमी प्रतीचं काम नाही.

तिसरी गोष्ट जास्त बोचते. चंपाची ही मालिका आज इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संग्रहालयात आहे. त्या शहरात गुजराती कुटुंबं पुष्कळ, तेव्हा एखादी आजी नातीला ती गाणी वाचून दाखवत असेल तर उत्तमच. पण इथल्या चंपांना ती बघायची तर आमच्यासारख्यांनी काढलेल्या झेरॉक्सवरच. रंगीत प्रत महाग पडते, आणि पातळ रंगांचे थर तिच्यातही उतरत नाहीत. कला गॅलरीतून वस्तीत कशी यायची, हा प्रश्न एकट्या चित्रकर्तीवर ढकलून चालणार नाही. आपल्याकडे पोस्टर्सचे गठ्ठे घेऊन एसटीनं गावोगाव हिंडण्याचा अनुभव आहे. तो इथं वापरायला काय हरकत आहे?

मागच्या भिंतीवर बारा प्रती लावल्या आहेत. त्यांच्यावर आकडे मुद्दाम घातलेले नाहीत. चहाच्या सुट्टीत चार-चार जणींनी गट करून बघा आणि क्रम तुम्हीच लावा. काश्मीरच्या प्रती टेबलावर आहेत. त्या पालथ्या घालूनही वाचा, पाठीमागच्या मजकुराचा थोडा भाग मराठीत करून डकवला आहे.