मनाचं दुखणं आणि आपली जुनी वैद्यकी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी बँकेतला माणूस. त्यामुळे कमिटीला वाटलं असेल की हा ठेवी, नॉमिनेशन आणि सायबर फसवणूक यांवर बोलेल. त्यावरही बोलू कधीतरी. पण आज मी मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. निवृत्तीनंतर चरकसंहितेचं मराठी भाषांतर हाती आलं, ते हळूहळू वाचत गेलो. त्यातून जे समजलं, आणि या भागात राहून जे पाहिलं, ते तुमच्यासमोर मांडतो.

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत पाण्याची टाकी, रस्ता, लाइट, पार्किंग, सगळ्यांवर सभा झाल्या. कोणाला शुगर आहे, कोणाचा बायपास झाला, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हे आपल्याला तोंडपाठ असतं. डबा घेऊन आपण दवाखान्यात जातो. पण कोणाला महिनोन् महिने झोप लागत नाही, कोण खोलीबाहेरच येत नाही, कोण जेवणाच्या ताटावरून उठून जातो, हे शेजारच्या दाराला कळत नाही. ते घरातच ठेवायचं, असा आपला रिवाज. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. तीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं. म्हणजे दहातला एक. आपल्या सभासदांच्या यादीवर बोट ठेवून मोजा.

मग लोक म्हणतात, हे सगळं आजकालचं फॅड आहे, आपल्या वाडवडिलांना कुठे होतं डिप्रेशन? होतं. त्यासाठी त्यांच्याकडे शब्द होते आणि औषधंही होती. बँकेच्या सवयीने मी त्याचं खातं मांडतो. आधी जमा बाजू, मग नावे.

जमेची पहिली नोंद अशी की आयुर्वेदाने मनाच्या दुखण्याला दुखणं म्हटलं. शरीराचे तीन दोष वात, पित्त आणि कफ. तसेच मनाचे दोन, रज आणि तम. रज म्हणजे धावपळ, तगमग, हाव. तम म्हणजे जडपणा, अंधार. शरीर बिघडलं की मन बिघडतं आणि मन बिघडलं की शरीर, हे चरकाने स्पष्ट धरलेलं आहे. विषाद, म्हणजे खचून जाणं, ही रोग वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट, असं तो सांगतो. आपले फॅमिली डॉक्टर आज बीपी मोजताना 'टेन्शन घेऊ नका' म्हणतात, ते याच घराण्यातलं.

दुसरी नोंद मला फार महत्त्वाची वाटते. चरकाने वेगांचे दोन गट केले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, मत्सर हे वेग माणसाने आवरावेत. पण तेरा वेग असे आहेत की जे कधीही अडवू नयेत. त्यात शिंक, जांभई, भूक, तहान, झोप ही मंडळी आहेत, आणि त्यातच आहेत अश्रू. शोकाच्या आहारी जाऊ नका, पण डोळ्यातलं पाणी अडवू नका, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. अश्रू अडवले तर डोळ्यांचे आणि हृदयाचेही विकार होतात असं तो सांगतो. उपाय काय? झोप, मद्य आणि मनाला आवडणाऱ्या गप्पागोष्टी. (हशा.) यातला मधला उपाय मी कमिटीच्या वतीने रद्द करतो. बाकीचे दोन ठेवा. आणि आपण काय करतो? घरात कोणी गेलं की मुलाला सांगतो, तू पुरुषमाणूस, तू रडायचं नाही, तुलाच सगळ्यांना सांभाळायचंय. दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्य आपल्यापेक्षा शहाणा होता.

माझ्या एका शाखेत एक निवृत्त गुरुजी एक तारखेला पेन्शनसाठी यायचे. त्यांच्या पत्नी गेल्या, आणि ते आठवड्यातून तीन-तीनदा पासबुक भरून घ्यायला येऊ लागले. खात्यात उलाढाल काहीच नसायची. काउंटरवरच्या मुलाला प्रश्न पडायचा की हे भरायचं तरी काय? शेवटी आमच्या शिपायाने ओळखलं. तो त्यांना खुर्ची द्यायचा, चहा सांगायचा आणि विचारायचा, "काय गुरुजी, बरं शे ना?" पाच मिनिटं बोलून गुरुजी उठायचे. त्या शिपायाने चरक वाचलेला नव्हता. पण मनाला आवडणाऱ्या गोष्टी हेच तर ते औषध.

तिसरी नोंद लक्षणांची. 'उन्माद' या नावाखाली चरकाने पाच प्रकार सांगितले. सुश्रुताने सहा सांगितले आणि त्यात मनाच्या दुःखाने होणारा उन्माद वेगळा काढला. वातामुळे होणाऱ्या प्रकारात कारण नसताना हसणं, रडणं, बडबड. पित्तामुळे होणाऱ्यात संताप, अंगावर धावून जाणं. कफामुळे होणाऱ्यात एका जागी बसून राहणं, न बोलणं, एकांत हवासा वाटणं, अन्नावर वासना नसणं, अंघोळ-स्वच्छता नकोशी होणं. आजच्या आजारांच्या नावांशी हे तंतोतंत जुळवायला जाऊ नये. पण शेवटचं वर्णन ऐकताना आपल्या ओळखीचा कोणी डोळ्यासमोर आला की नाही? आपण त्याला आळशी म्हणतो. वैद्याने त्याला रोगी म्हटलं.

चौथी नोंद उपचारांची. चरकाने उपचार तीन प्रकारचे मानले: मंत्र, पूजा, दान यांचा दैवव्यपाश्रय, औषध आणि आहार यांचा युक्तिव्यपाश्रय, आणि तिसरा सत्त्वावजय. सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून आवरून धरणं. यासाठी ज्ञान, धैर्य, स्मृती, एकाग्रता ही साधनं सांगितली आहेत. आवडती वस्तू किंवा माणूस गेल्याने मन बिघडलं असेल तर तशीच दुसरी मिळवून द्यावी, नाही तर स्नेह्यांनी धीर द्यावा. भय, क्रोध, शोक, हर्ष यांपैकी एकाने बिघडलं असेल तर त्याच्या उलट भावनेने शमवावं. आजचे समुपदेशक वेगळ्या वाटेने जातात, पण बोलण्याने उपचार होतो, हे इथे मान्य केलेलं आहे. औषधांत ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंड, जटामांसी, औषधी तुपं. शिवाय पंचकर्म, डोक्याला तेल, तेलाची धार. केरळात कोट्टक्कल इथे मनोविकारांसाठी सरकारी आयुर्वेदिक रुग्णालयही आहे.

आता नावे बाजू. तीही तितक्याच मोठ्याने वाचली पाहिजे.

त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणात, रोग्याला बांधणं, धमकावणं, दात काढलेल्या सापाची भीती दाखवणं, हेही उपाय म्हणून दिलेले आहेत. जुन्या काळी ते सगळीकडेच होतं, युरोपातही होतं. पण जुनं आहे म्हणून ते चालवून घेता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे एका आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण सुटू शकले नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे.

नावेची दुसरी नोंद म्हणजे 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' ही समजूत. सर्पगंधेची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात जमा आणि नावे दोन्ही आहे. सर्पगंधेचं मूळ बिहारकडे वेडावरचं औषध म्हणून चालायचं. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्यावर लेख लिहिला: वेडावर आणि रक्तदाबावर गुण येतो. १९४९ मध्ये आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिल्याचे निष्कर्ष मांडले. आधुनिक मनोविकार औषधांच्या पहिल्या पिढीत आपल्या रानातलं हे मूळ आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण पुढे हेच औषध घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी आल्याच्या नोंदी झाल्या, आणि चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. ज्या मुळात गुण करण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही असते. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून पुडी कोणाकडून आणली, तीत काय आहे, हे विचारा. शिकलेल्या वैद्याकडे जा. आणि मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असतील तर कोणाच्या सांगण्यावरून त्या आपल्या मनाने बंद करू नका. दोन्ही घ्यायचं असेल तर दोघांनाही सांगून घ्या.

तिसरी नोंद आपल्या घराजवळची. आपल्या उत्तरेला सातपुडा. तिथल्या पाड्यांवर आजही पहिला इलाज भगताचा. आपण शहरातले त्याला हसतो, आणि रात्री गुपचूप लिंबू-मिरची बांधतो. भगताकडे काय मिळतं ते आधी समजून घ्या. तो घाई करत नाही, ऐकून घेतो. सगळं घर भोवती बसतं. दुखणं एकट्याचं राहत नाही. हे दवाखान्याच्या पाच मिनिटांत मिळत नाही. पण जेव्हा दुखण्याचं कारण म्हणून एखाद्या बाईकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरवलं जातं, तेव्हा तो इलाज राहत नाही, गुन्हा होतो. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणं हाही गुन्हा. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले, तो २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याचसाठी आहे.

आणि गंमत अशी की चरकाने बाहेरच्या बाधेचा उन्माद मानला, पण त्याच ठिकाणी हेही बजावलं की देव, गंधर्व, पिशाच, राक्षस हे माणसाला पीडा देत नाहीत. त्यांना दोष देऊ नये. दुखणं माणसाच्या स्वतःच्या प्रज्ञापराधातून, म्हणजे बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्याने येतं. 'बाहेरचं झालंय' म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा. पण याची दुसरी कडाही धारदार आहे. 'तुझ्याच वागण्याने झालं' असं आजाऱ्याला म्हणू नका. डायबेटिसवाल्याला आपण म्हणतो का?

आमच्या नात्यातल्या एका वहिनींना पहिल्या बाळंतपणानंतर असंच झालं. झोप नाही, बाळाला जवळ घ्यायच्या नाहीत, भिंतीकडे बघत बसायच्या. वारं लागलं म्हणाले. आधी डोंगरातला भगत, मग गुजरातेतलं एक ठिकाण, मग कोणी सांगितलेली पुडी. दीड वर्ष गेलं. शेवटी धुळ्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, आणि काही महिन्यांत वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. आज त्या आजी आहेत, नातवंडांना घेऊन हिंडतात. पण मुलाने पहिलं पाऊल टाकलं ते त्यांना आठवत नाही. ते दीड वर्ष कोणी परत करणार नाही.

देवाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. प्रकाशाला संगमावर जाऊन मन शांत होतं, याचा अनुभव इथल्या प्रत्येकाला आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यातले मुजावरच प्रार्थनेनंतर सांगतात की आता शेजारच्या डॉक्टरांना भेटा. नवस फेडायचा तो फेडा, गोळीही घ्या. एकाने दुसऱ्याची वाट अडवू नये, एवढंच.

मग खात्यात शिल्लक काय राहिली? माझ्या मते तीन गोष्टी. दुखण्याला दुखणं म्हणणं, रडणाऱ्याला रडू देणं आणि खचलेल्याला एकटं न सोडणं. या जुन्या वैद्यकीकडून घ्या. भीती, दोरखंड आणि गुपचूप दिलेली पुडी तिथेच सोडा.

आणि सोसायटी म्हणून आपण करू शकू अशा काही गोष्टी. संध्याकाळी बाकावर जे ज्येष्ठ बसतात, त्यांत कोणी चार दिवस दिसलं नाही तर बेल वाजवा. मुलं पुण्याला, सुरतेला असलेली किती घरं आपल्याकडे आहेत, मोजा. नीट-जेईई देणाऱ्या पोरांना मार्क विचारण्याआधी झोप झाली का ते विचारा. पपई-केळीचे भाव पडले की शेतकरी सभासदाच्या घरी सहज चक्कर मारा. 'जगण्यात काही राम नाही' असं कोणी बोललं तर थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. हा नंबर नोटीस बोर्डावर लावावा, अशी कमिटीला विनंती. बँकवाला म्हणून एक शेवटचं: २०१७ च्या कायद्याप्रमाणे आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. आपली पॉलिसी काढून एकदा वाचा.

पंचवीस वर्षांत आपण भिंती बांधल्या, रंगवल्या, गळती थांबवली. आता भिंतीपलीकडचं ऐकू आलं पाहिजे.