क्लच उघडण्याआधी

साथींनो, रजेत गावी गेलो की जुना मॅसी माझ्याच गळ्यात पडतो. गिअर खरखरला म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे. आधी पेडलची मोकळी चाल तपासा.

प्लेट बदलायची तर इंजिन व गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डुलतो. त्यात दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, नाहीतर इंजिन अंगावर कलंडेल. नुसत्या जॅकवर विसंबू नका, ठोकळे रचा. वॅगनच्या चाकाला पाचर लावल्यावाचून आपण खाली शिरतो का?

प्लेट तेलकट असेल तर गळके ऑइल सील आधी बदला. थ्रस्ट बेअरिंगही नवेच बसवा. आमच्या धाकट्याने तेवढे पैसे वाचवले, अन् ऐन वाफशावर ट्रॅक्टर पुन्हा उघडावा लागला. पेरणी शेजाऱ्याच्या बैलांवर झाली.