ग्रामजीवनाचे अनुबोधपट आणि प्राथमिक शिक्षक

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी घेतलेला विषय वरकरणी करमणुकीचा वाटण्याचा संभव आहे. ग्रामीण जीवन, लोकसंस्कृती, निसर्ग आणि समाज यांचे दर्शन घडविणाऱ्या, दूरचित्रवाणीवरील अनुबोधपटांच्या मालिका हा तो विषय होय. ज्यांना मागील पिढी अनुबोधपट म्हणत असे, त्यांनाच आज आपण माहितीपट म्हणतो. आपल्या पुष्कळ शाळांत आता पडदा आला आहे. जेथे तो नाही तेथे शिक्षकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. तेव्हा चित्रे दाखवावयाची कशी, हा प्रश्न फारसा उरलेला नाही. खेड्यातील मुलाला पडद्यावर खेडे दाखविले असता त्याच्या मनावर काय ठसते, हा खरा प्रश्न आहे. आपले जीवन पाहण्याजोगे व विचार करण्याजोगे आहे, असे त्याला वाटते काय? की आपण मागासलेले आहोत, अशी लाज घेऊन तो घरी जातो? याचे उत्तर पडद्याच्या हाती नसून बव्हंशी शिक्षकाच्या हाती आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

चित्राच्या साहाय्याने ज्ञान देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटापूर्वी, १९१२ च्या सुमारास, एक लहानसा पट तयार केला होता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरावयाचा, कॅमेरा एका जागी ठेवावयाचा आणि रोज थोडे थोडे चित्रण करावयाचे, असा तो उद्योग होता. कित्येक दिवसांची अंकुराची वाढ पाहणाऱ्याला काही क्षणांत दिसली. जे डोळ्यांसमोर घडत असूनही डोळ्यांना दिसत नाही, ते दाखविणे हे अनुबोधपटाचे पहिले सामर्थ्य होय. रोज शेतावरून शाळेत येणारे मूल रोप पाहते, परंतु वाढ पाहत नाही.

या सामर्थ्याबरोबर एक धोकाही येतो. अमेरिकन चित्रपटकार रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या जीवनावर ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ हा पट १९२२ मध्ये प्रदर्शित केला. अनुबोधपटांच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. परंतु बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना, म्हणून अर्धेच घर उभारून त्यात कुटुंब ‘निजविले’ गेले. त्या काळी तेथील शिकारी बंदुका वापरू लागले होते. पटात मात्र भाल्याची शिकार दाखविली गेली. पुढे १९३४ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेकडील आरन बेटांवर त्यांनी दुसरा पट केला. त्यातील शार्क माशाची शिकार बेटावरील लोकांनी कित्येक दशकांपूर्वीच सोडली होती. ती चित्रणासाठी त्यांना नव्याने शिकावी लागली. पडद्यावर जे कुटुंब दिसते, तेही प्रत्यक्षात एका घरचे नव्हते. या पटांची योग्यता यामुळे नाहीशी होत नाही. मात्र ‘पडद्यावर दिसले म्हणून तसेच असले पाहिजे’ हा समज मुलांच्या मनात रुजू देता कामा नये, हा धडा त्यातून मिळतो. खेड्याला जुनेपणात गोठवून पाहण्याची हौस बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला असते. आणि आपली खेडी दाखवितानाही तीच हौस पुष्कळदा आड येते.

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे झाला. दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांतील शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी चालू झाले, आणि त्यावरील ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाने मराठी शेतकऱ्याच्या घरात आपुलकीचे स्थान मिळविले. त्या नावातील ‘आमची’ हा शब्द ध्यानात ठेवावा. आजच्या विषयाचे मर्म त्यात आले आहे.

या संदर्भात दोन प्रयोगांची माहिती प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला असावी, असे मला वाटते. पहिला प्रयोग उपग्रहाच्या द्वारे शिक्षण देण्याचा. डॉ. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीतून १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी करार झाला. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. परंतु १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर तो प्रयोग पार पडला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संच बसविण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, सुमारे १० फूट व्यासाची थाळी उपग्रहाकडे तोंड करून उभी केलेली असे. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. त्याच वर्षात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण याच मार्गाने मिळाले.

या प्रयोगाचे जे परीक्षण झाले ते मननीय आहे. आरंभीची नवलाईची गर्दी पुढे ओसरली. शाळेची पटसंख्या व गळती यांवर कार्यक्रमांचा लक्षणीय परिणाम झाला नाही. मात्र मुलांच्या भाषेत आणि इतर मार्गांनी ज्ञान मिळविण्याच्या त्यांच्या आवडीत वाढ दिसली. म्हणजे पडद्याने मूल शाळेत आणले नाही. पण शाळेत आलेल्या मुलाची जिज्ञासा वाढविली. दुसरी गोष्ट भाषेची. कार्यक्रम दिल्ली, कटक व हैदराबाद येथील कलागृहांत तयार होत. दिल्लीत घडलेली हिंदी बिहारच्या किंवा राजस्थानच्या खेड्यातील बोली बोलणाऱ्या प्रेक्षकाला परकी वाटे. चित्र गावचे, पण बोलणे गावचे नाही, अशी स्थिती पुष्कळदा झाली.

दुसरा प्रयोग गुजरातच्या खेडा जिल्ह्यातला. पीज या गावी १९७५ मध्ये एक लहान प्रक्षेपक उभारण्यात आला आणि जिल्ह्यातील सुमारे ४०० गावांत सामुदायिक संच ठेवण्यात आले. येथे रीत निराळी होती. हलकी चित्रण-साधने घेऊन कार्यकर्ते गावोगाव जात. लोकांशी बोलून विषय ठरवीत. गावकरीच पुष्कळदा पात्रे होत आणि त्यांच्याच बोलीत संवाद चालत. हुंडा, अस्पृश्यता, शेतमजुरांचे किमान वेतन असे अवघड विषय पडद्यावर आले. गावकऱ्यांच्या तक्रारी मांडून त्यांचे उत्तर अधिकाऱ्यांकडून मागणारे कार्यक्रमही झाले. या कार्याबद्दल १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले असता एक तत्त्व हाती येते: ज्यांचे जीवन दाखवावयाचे त्यांचा शब्द त्यात असेल, तर चित्र त्यांचे होते, एरवी ते त्यांच्यावरचे होते.

आता हे तत्त्व वर्गात कसे उतरवावे, याचा विचार करू. ऊसतोडणीचे उदाहरण घ्या. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव हत्याराला मिळाले आहे! या जीवनावरील पट वर्गात दाखविताना त्याच कुटुंबांतील एखादे मूल तुमच्या वर्गात बसलेले असू शकते. इतर मुले त्याच्याकडे वळून पाहतील, तो मान खाली घालील, आणि उत्तम हेतूने दाखविलेले चित्र त्याला शाळेपासून दूर ढकलील. हे टाळावयाचे तर पट दाखविण्यापूर्वीच शिक्षकाने वर्गाची भूमिका तयार केली पाहिजे. साखर आपल्या चहात कशी येते, या प्रश्नापासून आरंभ करावा. मुलाकडे बोट दाखवू नये. परंतु त्याने आपण होऊन सांगावयाचे ठरविले, तर मोळी कशी बांधतात आणि पहाटे किती वाजता फडात जातात, हे त्याच्या तोंडून वर्गाने ऐकावे. त्या दिवशी वर्गात तो जाणकार ठरतो. पटाने त्याची कीव करविली असती. शिक्षकाने त्याला प्रतिष्ठा दिली.

प्रत्यक्ष कामासाठी तीन सूचना मांडतो. पहिली, दाखविण्यापूर्वी एकच प्रश्न द्यावा. बैलपोळ्यावरील पट असेल तर ‘बैलाच्या अंगावरील कोणकोणत्या वस्तू कोणी तयार केल्या?’ एवढा प्रश्न पुरे. प्रश्नावाचून पाहणारे मूल रंग पाहते, प्रश्न घेऊन पाहणारे मूल माणसे पाहते. दुसरी, सलग अर्धा तास दाखवू नये. आठदहा मिनिटांनी पट थांबवावा, मुलांना बोलू द्यावे, त्यांच्या बोलीतच बोलू द्यावे. प्रमाण शब्द फळ्यावर शेजारी लिहावा, पण बोलीतील शब्द पुसू नये. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची: पट संपल्यावर मुलांना शाळेबाहेर न्यावे. आज गावात बैलजोड्या किती, ट्रॅक्टर किती, हे त्यांनी मोजावे. पाण्यावरील पट पाहिला असेल, तर घरी पाणी कोण आणते, किती खेपा होतात आणि एका खेपेचे अंतर किती, याचा हिशेब करावा. गणित, भाषा व परिसर हे तिन्ही विषय या एका कामात येतात. आणि पाणी भरणाऱ्या आईचे व बहिणीचे श्रम मुलाच्या वहीत प्रथमच आकड्यांनी उतरतात.

याचबरोबर प्रत्येक शाळेने आपल्या गावाची एक नोंदवही ठेवावी, असे मी सुचवितो. शिक्षकाच्या भ्रमणध्वनीने लहान चित्रणही करता येईल; मात्र ज्याचे चित्रण करावयाचे त्याची संमती आधी घ्यावी आणि मुलांचे चेहरे चारचौघांत पसरवू नयेत. मोटेचा नाडा व सोंदूर, बैलांची धाव, पाणी पडावयाचे थारोळे, तिफण आणि पाभर हे शब्द आजच्या पुष्कळ मुलांना ठाऊक नाहीत. ज्यांनी मोट हाकली ती माणसे वृद्ध झाली आहेत. त्यांच्याजवळ बसून मुलांनी विचारावे, लिहावे, चित्र काढावे. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आजीकडून दळणाची रीत समजून घ्यावी. ही सामग्री गावातून गेली तर ती कोणत्याही दूरच्या कलागृहात मिळणार नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जुन्या गावाचे चित्र काढताना ते केवळ गोड काढू नये. मोट ओढणाऱ्या बैलाचे आणि माणसाचे कष्ट त्यात असावेत. बलुत्याची नोंद करताना, बलुतेदाराला खळ्यावर धान्यासाठी ताटकळत उभे राहावे लागे, हेही लिहावे. गावात पाणवठे वेगळे होते, आणि सार्वजनिक तळ्याचे पाणी घेण्याचा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, हे ज्या नोंदवहीत नाही, ती नोंदवही अपुरी होय. फ्लॅहर्टींच्या पटाविषयी जो प्रश्न आपण विचारतो, तोच आपल्या वहीविषयी मुलांना विचारू द्यावा: हे चित्र कोणी काढले, कोठे उभे राहून काढले, आणि त्यातून काय गाळले? चौथीच्या मुलाला हा प्रश्न झेपतो. एकाच रस्त्याचे चित्र दोन मुलांना काढावयास सांगा, म्हणजे तो त्यांना आपोआप कळतो.

बंधुभगिनींनो, पूर्वीच्या प्रयोगांत उपग्रह लागला, प्रक्षेपक लागला, मोठी यंत्रणा लागली. वर्ष संपताच तो उपग्रह आपल्या जागेवरून हलविला गेला आणि कित्येक गावांतील पडदे काळे झाले. जेथे शिक्षक पाहिलेल्यावर बोलत राहिला, तेथे ते शिक्षण पडद्यावर अवलंबून नव्हते. आज साधने विपुल आहेत आणि ती दिवसेंदिवस स्वस्त होत आहेत. विपुल नाही तो शिक्षकाचा वेळ, आणि तो नाना कामांत वाटला जातो, याची मला जाणीव आहे. म्हणून फार मोठी योजना मी मागत नाही. महिन्यातून एक पट, त्यापूर्वी एक प्रश्न, त्यानंतर एक फेरी आणि नोंदवहीचे एक पान, एवढेच येत्या सत्रात करून पाहावे. वर्षअखेर त्या वहीत दहा पाने होतील. ती पाने पालकसभेत मुलांनी मोठ्याने वाचावीत. आपल्या श्रमाची, आपल्या बोलीची आणि आपल्या अडचणींची नोंद आपल्याच मुलाने केलेली ऐकताना गावाला शाळा आपली वाटेल, असा मला विश्वास आहे.